खातेदार गेल्यावर कागदांचे काय? वारसांसाठी सरळ वाट



हंगाम संपता संपता शेअर विभागाच्या खिडकीपाशी एक काकू येऊन उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा. म्हणाल्या, "मालक जाऊन चार वर्सं झाली. शेअर त्यांच्याच नावावर, शेत त्यांच्याच नावावर. तालुक्याला एकानं सांगितलं की कोर्टातून प्रोबेट का काय म्हणत्यात ते आणावं लागतंय, आन् त्याला वीस हजार पडत्यात. एवढं पैसं कुठून आणू सायेब?"

आम्ही त्यांना बसवले, पाणी दिले आणि पिशवीतले कागद टेबलावर मांडले. मृत्यूचा दाखला होता. आठ-अ होता. बँकेचे पासबुक होते. कारखान्याचे पिवळे पडलेले शेअर सर्टिफिकेटही होते. घरात भांडण नव्हते. मृत्युपत्र नव्हते. एक मुलगा, दोन लेकी, तिघेही आईच्या बाजूचे. म्हणजे प्रकरण अगदी सरळ. त्यांना प्रोबेटची गरजच नव्हती. चार वर्षे त्या एका चुकीच्या शब्दाला भिऊन घरी बसल्या होत्या. तेवढ्या काळात पीक विमा गेला, अनुदान गेले, आणि सभासद म्हणून कारखान्याच्या सभेला बसण्याचा हक्कही वापरता आला नाही.

अशी घरे आपल्या जिल्ह्यात एक-दोन नाहीत. कळंब, वाशी, भूम, परंड्यापासून तुळजापूर, लोहारा, उमरग्यापर्यंत प्रत्येक गावात दोन-चार सातबारे असे सापडतील की ज्यावर गेलेल्या माणसाचे नाव अजून नांदते आहे. काही ठिकाणी तर आजोबाचे नाव आहे आणि नातवाचे केस पांढरे झाले आहेत. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. सभासदांनी तो घरात वाचून दाखवावा, विशेषतः माय-माउलींना ऐकवावा, ही विनंती.

आधी तीन प्रश्न

कोणत्याही कचेरीची पायरी चढण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे काढावीत.

पहिला प्रश्न : गेलेल्या माणसाने मृत्युपत्र करून ठेवले आहे काय?
दुसरा प्रश्न : वारस कोण कोण, आणि त्यांच्यात काही वाद आहे काय?
तिसरा प्रश्न : कोणकोणती मालमत्ता आहे, आणि तिच्यावर कोणाचे नामनिर्देशन म्हणजे नॉमिनेशन केलेले आहे काय?

मृत्युपत्र नाही, वाद नाही, आणि मालमत्ता म्हणजे शेती, घर, कारखान्याचा शेअर आणि बँकेतली थोडीफार रक्कम, असे असेल तर ते सरळ प्रकरण समजावे. अशा प्रकरणात बहुतेक कामे न्यायालयात न जाता होतात. कागद मात्र वेळेवर आणि योग्य खिडकीवर गेले पाहिजेत.

प्रोबेट म्हणजे काय, आणि आपल्याला ते लागते काय?

या शब्दाने फार घोटाळा केला आहे. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे असे न्यायालयाने शिक्कामोर्तब करून देणे. मृत्युपत्रात ज्याला व्यवस्थापक नेमले असेल त्यालाच प्रोबेट मिळते. व्यवस्थापक नेमलेला नसेल तर न्यायालय मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र देते. यावरून उघड आहे की मृत्युपत्रच नसेल तर प्रोबेटचा प्रश्नच येत नाही. काकूंना प्रोबेट आणायला सांगणारा माणूस एक तर अज्ञानी होता किंवा लबाड.

मृत्युपत्र असले तरीही आपल्या भागातल्या शेतजमिनीला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. भारतीय वारसा अधिनियम १९२५ प्रमाणे हिंदूंच्या बाबतीत ती सक्ती जुन्या बंगाल इलाख्यापुरती आणि मुंबई व मद्रास शहरांपुरती होती. मृत्युपत्र त्या हद्दीत केलेले असेल किंवा घर-जागा त्या हद्दीत असेल तरच ती लागू होई. २०२५ च्या अखेरीस संसदेने ती सक्तीही कायद्यातून काढून टाकली. मृत्युपत्र खरे की खोटे असा वाद निघाला, किंवा एखाद्या संस्थेने अडवून धरले, तर प्रोबेटचा अर्ज आजही करता येतो. आपल्याकडे तो जिल्हा न्यायालयात करावा लागतो. पण ती गरजेची बाब आहे, सक्तीची नव्हे.

प्रोबेटखेरीज आणखी दोन नावे लोकांच्या कानावर येतात. पहिले उत्तराधिकार प्रमाणपत्र. ते येणे रकमा आणि रोखे यांच्यासाठी असते : बँकेतील ठेव, कंपनीचे शेअर, कोणाकडून येणे असलेली रक्कम. शेतजमिनीसाठी ते नाही. दुसरे वारस प्रमाणपत्र. तेही दिवाणी न्यायालयातूनच मिळते आणि त्यात कायदेशीर वारस कोण हे लिहिलेले असते. एखादी कचेरी किंवा बँक हे मागू लागली तर पहिले काम एकच करावे. "कोणत्या नियमाने मागता, ते लेखी द्या" असे नम्रपणे म्हणावे. लेखी मागितले की पुष्कळदा मागणी ढिली पडते.

पहिला कागद : मृत्यूचा दाखला

बाकी सारे कागद या एका कागदावर उभे राहतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी, तिला काही फी लागत नाही. गावात ती ग्रामपंचायतीत होते, दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर त्या ठिकाणच्या निबंधकाकडे. २१ दिवसांनंतर विलंब शुल्क लागते. तीस दिवस उलटले की वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, आणि एक वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. म्हणजे एका दिवसाचे काम वर्षाचे होऊन बसते.

दाखल्यावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव एकच आहे ना, हे तिथल्या तिथे तपासावे. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि दाखल्यावर तिसरे, असे झाले की पुढे प्रतिज्ञापत्रांची माळ लागते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. मूळ प्रत कोणालाही देऊन टाकू नये, दाखवून परत घ्यावी.

शेतीची वारस नोंद

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाहक्काने जमीन मिळालेल्या माणसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी तलाठीच आहे. कळवणे तोंडी चालते किंवा लेखी. आमचा सल्ला लेखीचा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय चावडीतून उठू नये. पोच देणे हे तलाठ्याचे कायद्याने ठरवलेले काम आहे, ते काही उपकार नव्हेत. ज्यांच्या घरात शिकलेले पोर आहे त्यांना ई-हक्क प्रणालीतूनही अर्ज करता येतो.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व नाती दाखवणारे प्रतिज्ञापत्र, आठ-अ आणि ओळखीचे कागद लागतात. तलाठी गावात चौकशी करतो आणि वारसांची नावे वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये घेतो. त्यानंतर फेरफार नोंदवहीत म्हणजे नमुना ६ मध्ये नोंद पडते. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर ती लागते, आणि हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, मग सातबाऱ्यावर नावे चढतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. निकाल पटला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते.

इथे तीन गोष्टी मनात पक्क्या धराव्यात.

एक, वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. नोंदीने सर्व वारसांची नावे एकत्र लागतात. कोणाला कोणता तुकडा हे त्यातून ठरत नाही. सर्वांची संमती असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटणी करून घेता येते.

दोन, सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही, आणि नाव लागले नाही म्हणून मालकी गेली असेही नाही. फेरफार हा महसूल गोळा करण्यासाठी ठेवलेला दप्तराचा भाग आहे, असे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. म्हणून एखाद्या बहिणीचे नाव गाळून नोंद झाली असली तरी तिचा हक्क बुडत नाही. पण नाव नसले की व्यवहारात पावलोपावली अडते, हेही तितकेच खरे.

तीन, मधल्या पिढीच्या नोंदी राहिल्या असतील तर एकेका मृत्यूची नोंद क्रमाने घ्यावी लागते. आजोबाचे नाव काढून एकदम नातवाचे नाव लागत नाही. अशा अडकलेल्या खात्यांसाठी शासनाने २०२५ साली 'जिवंत सातबारा' ही मोहीम काढली. मार्च २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात ती सुरू झाली आणि एप्रिलपासून राज्यभर राबवली गेली. ज्यांची नोंद त्यातूनही राहिली असेल त्यांनी मोहिमेची वाट पाहू नये. नेहमीच्या अर्जाने हे काम केव्हाही करता येते.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे काही जमिनींच्या मागे इनामाचा किंवा कुळाचा इतिहास आहे आणि सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते. अशा जमिनीची विक्री करायला परवानगी लागते. वारस नोंदीला तशी परवानगी लागत नाही, कारण वारसा म्हणजे विक्री नव्हे. या कारणावरून कोणी अडवत असेल तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करावी.

वारस कोण? लेकीचे नाव गाळू नका

हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई. त्याच्या आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलेबाळे, तसेच आधी वारलेल्या मुलाची विधवा यांनाही हक्क असतो. ध्यानात ठेवा, आई पहिल्या वर्गात आहे, वडील नाहीत. आणि म्हातारी आई जिवंत असताना तिचे नाव वगळणे ही आपल्याकडची फार मोठी चूक आहे.

हिशेब साधा आहे. एखाद्याची स्वकष्टाची दहा एकर जमीन आहे. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि आई, असे पाच वारस. प्रत्येकाला दोन एकर. लेक लग्न होऊन सोलापूरला गेली म्हणून तिचे दोन एकर कमी होत नाहीत. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर हिश्शाचा हिशेब वेगळा होतो, पण तिथेही मुलीला वगळता येत नाही. महाराष्ट्राने मुलींना हा जन्मजात हक्क १९९४ सालीच दिला, केंद्राने २००५ साली दिला. वडील २००५ पूर्वी वारले असोत की नंतर, मुलीचा हक्क जन्मानेच येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. २००५ च्या दुरुस्तीआधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्याने उघडल्या जात नाहीत. मुसलमान सभासदांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागतो. त्यात हिश्शांचे प्रमाण वेगळे आहे, पण बायको आणि लेक तिथेही वारस आहेतच.

बहिणीला हिस्सा नको असेल तर ती तिची मर्जी. तिने हक्कसोडपत्र करून द्यावे, पण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असले पाहिजे. नोटरीपुढे शंभराच्या कागदावर लिहून घेतलेली संमती जमिनीचा हक्क सोडायला पुरत नाही. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मालमत्तेचे हक्कसोड विनामोबदला असेल तर मुद्रांक अगदी थोडा लागतो. म्हणून पैसे वाचवण्यासाठी कच्चा कागद करण्यात काही शहाणपण नाही. आणि भावांना एक सांगणे आहे. राखीपौर्णिमेला ओवाळून घ्यायचे आणि तेराव्याला कोऱ्या कागदावर सही घ्यायची, हे बरे दिसत नाही. बहिणीला कागद वाचून दाखवा, समजावून सांगा, मग सही घ्या.

वारस अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालील असेल तर सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' म्हणून पालनकर्त्याचे नाव लागते. अज्ञान मुलाचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता केलेली विक्री मूल सज्ञान झाल्यावर मोडून काढू शकते. अशी जमीन घेणाऱ्यांनीही सावध असावे.

कारखान्याचा शेअर

आता आपल्या घरच्या कामाकडे वळू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासद मयत झाल्यास त्याचा भाग त्याने नेमलेल्या व्यक्तीकडे वर्ग होतो. नामनिर्देशन नसेल तर समितीला जो वारस वाटेल त्याच्याकडे. अर्थात ती व्यक्ती सभासद म्हणून घेण्यास पात्र असली पाहिजे. नामनिर्देशन असेल तर काम लवकर होते. नसेल तर सर्व वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र असे कागद मागावे लागतात आणि प्रकरण संचालक मंडळापुढे ठेवावे लागते. शेअर वारसाच्या नावावर होईपर्यंत त्याला मतदानाचा हक्क बजावता येत नाही.

आता पुन्हा काकूंच्या प्रकरणाकडे येतो. रजिस्टर काढून पाहिले तर यजमानांनी शेअर घेताना नामनिर्देशन केले होते, पण ते आपल्या धाकट्या भावाच्या नावे. तेव्हा त्यांचे लग्न झाले नव्हते. पुढे लग्न झाले, तीन लेकरे झाली, पण रजिस्टरमधले नाव बदलायचे कोणाच्याच ध्यानात आले नाही. काकूंचा चेहरा पडला. "म्हंजी शेअर भाऊजीचा झाला का?"

तसे नाही. नामनिर्देशित माणूस हा रक्कम किंवा शेअर ताब्यात घेणारा विश्वस्त आहे, मालक नव्हे. विमा पॉलिसीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सरबती देवी खटल्यात हे सांगितले. कंपनीच्या शेअरबाबत तोच निर्वाळा डिसेंबर २०२३ मध्ये दिला. संस्थेने नामनिर्देशिताला शेअर किंवा पैसे दिले म्हणजे संस्थेची जबाबदारी संपते. वारसांचा हक्क मात्र संपत नाही. ते नामनिर्देशिताकडून आपला हिस्सा मागू शकतात. पण मागायचा म्हणजे भांडायचे, आणि भांडायचे म्हणजे कोर्ट.

दिराला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर आला. रजिस्टर पाहिले आणि म्हणाला, "माझं नाव लिवलंय म्हणून ते माझं झालं व्हय? वहिनीचं हाय, लेकरांचं हाय. कुठं सही करू सांगा." त्याने लेखी दिले, मुलाने आणि दोन्ही लेकींनी आईच्या नावे संमती दिली, आणि प्रकरण मंडळापुढे गेले. सर्वच घरी असा दीर नसतो. ज्या घरी नसतो तिथे याच एका जुन्या नावापायी वर्षानुवर्षे तारखा पडतात.

म्हणून प्रत्येक सभासदाने एकदा शेअर विभागात येऊन आपल्या नावापुढे कोणाचे नामनिर्देशन आहे हे डोळ्यांनी पाहावे. लग्न झाले, मूल झाले, नेमलेला माणूस वारला, की नाव बदलून घ्यावे. उसाची नोंदही वेळेवर वारसाच्या नावे करून घ्यावी. बिल मयत माणसाच्या खात्यावर निघाले आणि खाते बँकेने थांबवले, की ऐन गरजेच्या वेळी पैसे अडकून पडतात.

बँक, विमा आणि शासकीय मदत

बँक खात्यावर नामनिर्देशन असेल तर मृत्यूचा दाखला आणि ओळखीचे कागद दिल्यावर रक्कम नामनिर्देशिताला मिळते, उत्तराधिकार प्रमाणपत्र लागत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीवर चारपर्यंत नावे नेमता येतात. नामनिर्देशन नसेल तरी घाबरू नये. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले आणि ते अमलात आणण्यासाठी बँकांना ३१ मार्च २०२६ ची मुदत दिली. त्याप्रमाणे वाद नसलेल्या प्रकरणात सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत आणि इतर बँकांत पंधरा लाखांपर्यंतची रक्कम न्यायालयाच्या कागदाशिवाय, सोप्या पद्धतीने द्यायची आहे. सर्व कागद मिळाल्यावर पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. मयताचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढणे मात्र कोणीही करू नये. आज सोपे वाटते, पण उद्या भावंडांत त्यावरूनच पहिली ठिणगी पडते.

पासबुक नीट पाहावे. वर्षाला ४३६ रुपये कापले गेले असतील तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विमा, त्यात दोन लाख मिळतात. २० रुपये कापले असतील तर तो अपघाताचा सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला त्याचेही दोन लाख. शेतात वीज पडून, सर्प चावून, विहिरीत पडून किंवा रस्त्यावर अपघात होऊन मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली दोन लाखांची मदत आहे. तिचा प्रस्ताव तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. दुःखात तीस दिवस कसे जातात कळत नाही. भावकीतल्या एखाद्या जाणत्या माणसाने हे काम अंगावर घ्यावे.

पीएम किसानचा हप्ता मयताच्या नावे घेत राहू नये. वारसाने आपल्या नावे नवा अर्ज करावा. त्या योजनेला १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीची जमीनधारणा लागते, पण वारसाने आलेल्या जमिनीला ती अट आड येत नाही. एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि सातबाऱ्यावर नाव नसेल तर तो मिळत नाही. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल असेल तर परिवहन कार्यालयाला तीस दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत नावावर करून घ्यावी. गावातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये बदलून घ्यावी.

कर्जाबद्दल एक शब्द. वडिलांचे पीक कर्ज वारसांना फेडावे लागते, पण वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. वारसाच्या स्वतःच्या कमाईवर ते चढत नाही. जामीन राहिला असेल तर गोष्ट वेगळी.

मदत कोठे मिळेल?

अर्ज लिहून देणारा, "सायबाला सांगतो" म्हणणारा आणि हजारांत बोलणारा माणूस प्रत्येक कचेरीच्या आवारात भेटतो. वारस नोंदीच्या अर्जाला फी नाही हे ध्यानात ठेवावे.

खरोखरच वकील लागेल असे वाटले, म्हणजे वाद आहे, मृत्युपत्रावर शंका आहे, अज्ञान मुलाच्या हिश्शाचा प्रश्न आहे किंवा बँक प्रमाणपत्रावर अडून बसली आहे, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात तीन लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असेल तर मिळतो. फोन क्रमांक १५१००. आपल्या कितीतरी भगिनींना हे ठाऊक नाही आणि त्या दागिना गहाण ठेवून वकील लावतात. भावंडांतला वाद लोकअदालतीत मिटला तर पैसा वाचतो आणि नातेही राहते.

जिवंतपणी करायचे काम

शेवटचे सांगणे जे आज धडधाकट आहेत त्यांना. मृत्युपत्र करणे म्हणजे मरण बोलावणे नव्हे. साध्या कागदावर ते चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. नोंदवले तर पुरावा बळकट होतो एवढेच. करणाऱ्याने आणि दोन साक्षीदारांनी सह्या कराव्यात. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान, गावातलेच, आणि मृत्युपत्रातून काही न मिळणारे असावेत, कारण पुढे त्यांच्यापैकी एकाला तरी न्यायालयात सांगावे लागते. मात्र बायकोला किंवा लेकीला बाजूला काढण्यासाठी मृत्युपत्र करू नका. ते पुढच्या पिढीला भांडण वारसात देणे आहे.

नुसते एवढे तरी करा. एका वहीत गट नंबर, बँक खाती, विमा, देणे-घेणे आणि शेअरचा क्रमांक लिहून ठेवा, आणि ती वही कोठे आहे हे घरधनिणीला सांगा. आपल्याकडे माणूस बैलाच्या दाव्याची जागा बायकोला सांगतो, पण पासबुकाची सांगत नाही.

काकूंचे नाव आता सातबाऱ्यावर मुला-मुलींच्या नावांसोबत लागले आहे. शेअरचेही काम झाले. एकूण खर्च झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रे आणि एस.टी.ची तिकिटे इतकाच आला. परवा सर्टिफिकेट घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी आपल्या मागे कोणाचे नाव लिहायचे ते घरून ठरवूनच आणले होते. थोरल्या लेकीचे.

तरी सर्व सभासदांनी पुढील गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी शेअर विभागात येऊन आपले नामनिर्देशन तपासून घ्यावे. मयत सभासदांच्या वारसांनी मृत्यूचा दाखला, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि वारस नोंदीचा फेरफार घेऊन यावे. कागद अपुरे असले तरी यावे. काय कमी आहे ते कागदावर लिहून देऊ.

जय सहकार!